पचवणाऱ्याचा धोका

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत दुपारची पाळी सुटते तेव्हा रात्र झालेली असते. रोह्याकडे निघालेल्या मोटरसायकलींपैकी काही वाटेत थांबतात. पाच-सहा जणांचा कंपू, एकच टेबल, एकच चकणा, पगार साधारण सारखा, घरची ओढाताणही सारखीच. वीस वर्षांनी पाहावे तर त्यातले बहुतेक जण सणासुदीला घेणारे, एरवी संसारात गुंतलेले गृहस्थ असतात. एखाद्याने डॉक्टरांच्या धाकाने सोडलेली असते. आणि एखादा असा असतो की सकाळी हातातला चहाचा कप थरथरू नये म्हणून त्याला आधी दोन घोट लागतात. त्याची नोकरी गेलेली असते, बायको माहेरी निघून गेलेली असते, आणि गावाने त्याचा निकाल केव्हाच लावलेला असतो.

गावाचा निकाल ठरलेला: संगत वाईट, नाहीतर मन कच्चे. पण संगत तर सगळ्यांची एकच होती. आणि मनाचा कच्चेपणा म्हणजे नेमके काय, तो जन्मापासून असतो की मागाहून येतो, असे विचारले की कोणापाशी उत्तर नसते.

आधी प्रमाण पाहू. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीवरून जेम्स अँथनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली हिशेब मांडला होता. आयुष्यात कधीतरी तंबाखू वापरलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के लोक पुढे तिच्या आहारी गेले, हेरॉइनच्या बाबतीत २३ टक्के, कोकेनच्या १७ आणि दारूच्या सुमारे १५ टक्के. हेरॉइनसारखा जहरी पदार्थ घेऊनही चारातले तिघे त्यात कायमचे अडकले नाहीत, आणि ज्या तंबाखूला आपण किरकोळ समजतो तिने मात्र तिघांतल्या एकाला पकडले.

ही वाटणी फक्त माणसांत असती तर शील, संस्कार, इच्छाशक्ती यांच्याकडे बोट दाखवता आले असते. पण फ्रान्समध्ये बोर्डो इथे व्हेरोनिक देरोश-गामोने आणि पिएर व्हिन्चेन्झो पियाझा यांनी हाच प्रश्न उंदरांना विचारला. उंदरांना महिनोन्‌महिने स्वतःच कोकेन टोचून घेण्याची मुभा दिली. मग तीन गोष्टी पाहिल्या: कोकेन बंद असतानाही उंदीर खटपट करत राहतो का, एका मात्रेसाठी किती कष्ट उपसतो, आणि विजेचा झटका बसत असतानाही घेत राहतो का. तिन्ही कसोट्यांवर व्यसनी ठरलेले उंदीर निघाले १७ टक्के. बाकीच्यांनी कोकेन घेतले, पण ते त्याचे गुलाम झाले नाहीत. हा निष्कर्ष २००४ साली ‘सायन्स’मध्ये आला. उंदराला ना संस्कार, ना संगत. तरीही शंभरातले सतरा घसरले आणि त्र्याऐंशी सावरले. मन कच्चे असण्याच्या गोष्टीत शरीराचा हात आहे हे एवढ्यावरून मान्य करायला हरकत नाही.

शरीराचा हा हात ओळखायचा कसा, याचे एक उत्तर आपल्या हळदी-लग्नांतल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. पेण-रोह्याच्या खारेपाटातली हळद असो की घाटावरची वरात, तिथे एका माणसाचे नेहमी कौतुक होते. सगळे दोन पेगांत डुलायला लागतात आणि हा चार घेऊनही नीट चालतो, नीट बोलतो, उलट पडलेल्यांना घरी पोहोचवतो. ‘हा पचवतो’ असे म्हणून त्याच्या पाठीवर थाप पडते. ज्याला दोन घोटांत ओकारी येते त्याची थट्टा होते आणि हाच पुढे बिघडणार, असा लोकांचा होरा असतो.

कॅलिफोर्नियात सॅन दिएगो इथे मार्क शुकिट या मानसोपचारतज्ज्ञाने १९७८ पासून या गोष्टीचा पाठपुरावा केला. त्यांनी विशीतले तरुण निवडले. काहींचे वडील दारूच्या आहारी गेलेले, काहींच्या घरात तसे कोणी नाही. स्वतः तरुणांपैकी अजून कोणीही व्यसनी नव्हता. प्रत्येकाला ठरावीक मात्रेत दारू दिली, मग त्याला किती चढल्यासारखे वाटते ते विचारले आणि उभे राहिल्यावर त्याचा तोल किती ढळतो ते मोजले. व्यसनी वडिलांच्या मुलांपैकी अनेकांना तेवढ्याच दारूचा परिणाम कमी जाणवत होता. मग शुकिट थांबले, आणि दहाएक वर्षांनी तेच तरुण पुन्हा गाठले. व्यसनी वडिलांच्या ज्या मुलांना दारू कमी चढत होती, त्यांतले ५६ टक्के आता स्वतः व्यसनी होते. ज्यांना लवकर चढत होती, त्यांतले फक्त १४ टक्के.

कारण समजायला अवघड नाही. पुरे झाली, आता थांब, असा निरोप शरीराकडून यायला हवा. ज्याच्या मेंदूपर्यंत हा निरोप उशिरा पोहोचतो, तो थांबायच्या जागेच्या पुढे निघून गेलेला असतो. त्याला मजा यायलाच जास्त लागते, जास्त पिणाऱ्यांच्याच टेबलावर तो बसू लागतो, आणि मेंदूला त्या जास्तीची सवय होत जाते. ज्याचे कौतुक करतो त्याचीच काळजी करायला हवी होती, ही या विषयातली मला सर्वांत आधी सांगावीशी वाटणारी गोष्ट आहे. घरात वडील किंवा आजोबा दारूत गेलेले आणि मुलगा ‘पचवणारा’ निघाला, तर त्या मुलाला विसाव्या वर्षीच हे कोणीतरी सांगायला हवे.

आता मेंदूच्या आत पाहू. डोपामाइन हे नाव एव्हाना वर्तमानपत्रांतही रुळले आहे, पण त्याला आनंदाचे रसायन म्हणतात ते बरोबर नाही. स्वित्झर्लंडमध्ये वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन सोडणाऱ्या पेशींची स्पंदने नोंदवली. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की या पेशी चेकाळत. पण रसाआधी दरवेळी एक दिवा लावायला सुरुवात केली, तशी काही दिवसांत पेशी दिव्यालाच उसळू लागल्या आणि प्रत्यक्ष रसाच्या वेळी शांत राहू लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांची नेहमीची स्पंदनेही मंदावत. म्हणजे या पेशी चव मोजत नाहीत, अपेक्षा आणि अनुभव यांतला फरक मोजतात. खऱ्या रसाची मेंदूला सवय होते आणि पेशी गप्प बसतात. दारू, निकोटीन, कोकेन मात्र आतून थेट या यंत्रणेवरच घाला घालतात, त्यामुळे दरवेळी ‘अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले’ असाच खोटा हिशेब लिहिला जातो.

मिशिगनमधले केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ साली एक सिद्धांत मांडला. एखादी गोष्ट आवडणे आणि ती हवीहवीशी वाटणे ही मेंदूत दोन निरनिराळी कामे आहेत, असे त्यांचे म्हणणे. डोपामाइन जवळजवळ संपवून टाकलेल्या उंदराच्या जिभेवर साखरपाणी ठेवले तर तो मिटक्या मारतो, म्हणजे चव त्याला आवडते. पण समोर ठेवलेले अन्न घ्यायला तो उठत नाही, भरवले नाही तर उपाशी मरतो. व्यसनात याच्या उलट घडते. आवड आटत जाते आणि ओढ वाढत जाते. ‘आता काही मजा येत नाही हो, पण राहवत नाही’ हे वाक्य व्यसनमुक्ती केंद्रात काम करणाऱ्या कोणालाही पाठ असेल. तो माणूस खोटे बोलत नसतो. पुण्यात महिनाभर उपचार घेऊन धडधाकट होऊन आलेला माणूस रोहा स्टेशनवर उतरतो, ओळखीचे वळण दिसते, आणि काही कळायच्या आत तोंडाला पाणी सुटते. दिवा लागलेला असतो.

त्यापुढची पायरी सवयीची. केंब्रिजचे बॅरी एव्हरिट आणि ट्रेव्हर रॉबिन्स यांनी २००५ साली मांडले की नशेचा ताबा मेंदूतल्या एका भागाकडून हळूहळू दुसऱ्याकडे जातो. फळाची आशा सांभाळणाऱ्या खालच्या भागाकडून तो ठरून गेलेल्या हालचाली सांभाळणाऱ्या वरच्या भागाकडे सरकतो. पेणजवळ हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर पाहिला की हे चटकन समजते. नवशिक्या श्वास रोखून एक रेघ ओढतो. मुरलेला कारागीर शेजाऱ्याशी गप्पा मारत मूर्तीमागून मूर्ती उरकतो, हात आपोआप वळतो, मध्येच थांबवून कसे केलेस विचारले तर त्याला सांगता येत नाही. मेंदूतली हीच थोर व्यवस्था व्यसनीच्या हाताला बाटलीचे बूच उघडायला शिकवते. निश्चय कपाळामागच्या भागात होतो आणि तोवर हात पुढे गेलेला असतो.

हे सारे व्यसन जडल्यावरचे झाले. जडण्याआधी काही वेगळे असते का? इथे नोरा व्होल्कोव यांचे काम येते. डोपामाइनला पकडणारे डी-२ नावाचे रिसेप्टर व्यसनी माणसांच्या मेंदूत कमी दिसतात, हे त्यांनी पेट स्कॅनवर वारंवार दाखवले. पण ते कमी होते म्हणून व्यसन लागले, की व्यसनामुळे कमी झाले? १९९९ साली त्यांनी कधीच नशा न केलेल्या २३ निरोगी पुरुषांना मेथिलफेनिडेट हे उत्तेजक औषध टोचले. डी-२ कमी असलेल्यांना ते सुखद वाटले. जास्त असलेल्यांना अस्वस्थ वाटले, पुन्हा नको असे वाटले. पुढे २००६ साली त्यांनी दारुड्या घराण्यांतली पण स्वतः व्यसनी न झालेली माणसे तपासली, तर त्यांच्यात हे रिसेप्टर नेहमीपेक्षा जास्त निघाले. एकाच बापाचे दोन मुलगे, एक बुडाला आणि एक तरला, यातल्या तरलेल्याला कोणीतरी आतून आधार देत होते. केंब्रिजमध्ये जेफ्री डॅली यांनी २००७ साली दाखवले की उतावळ्या उंदरांत कोकेनला तोंड लावण्याआधीपासूनच डी-२ कमी असतात, आणि तेच पुढे अधिक कोकेन घेतात.

इथवर वाचून असे वाटेल की संख्या जन्मतः ठरली आणि नशीबही ठरले. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात ड्रेक मॉर्गन आणि मायकेल नेडर यांनी केलेला प्रयोग या समजाला छेद देतो, आणि माझ्या मते या सगळ्या संशोधनात तोच सर्वांत मोलाचा आहे.

त्यांनी वीस मकाक माकडे आधी एकेकटी ठेवली. तेव्हा सर्वांचे डी-२ मोजले, तर त्यात म्हणावा असा फरक नव्हता. मग चार-चारांचे गट केले. माकडांच्या गटात काही दिवसांतच उतरंड तयार होते. एक जण वरचढ ठरतो, त्याला खायला आधी मिळते, बाकीचे त्याचे केस विंचरतात. तळाचा सतत मार खातो, अंग चोरून बसतो, त्याच्या जवळ कोणी येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन केले. वरचढ माकडांच्या मेंदूतली डी-२ ची मोजणी वीस टक्क्यांहून जास्त वाढली होती. तळाच्यांची जिथल्या तिथे होती. मग सर्वांना कोकेन उपलब्ध करून दिले. तळाची माकडे ते घेत राहिली. वरच्यांनी मिठाच्या पाण्यापेक्षा फार वेगळी किंमत त्याला दिली नाही. बराच काळ कोकेन मिळत राहिल्यावर दोघांमधला फरक पुसट होत गेला, हेही याच संशोधकांनी पुढे नोंदवले. मान मिळाल्याने संरक्षण मिळते, पण त्यालाही मर्यादा आहे.

माकडावरून माणसावर उडी मारताना सावध असावे हे खरे. तरी हा प्रयोग वाचताना पेण तालुक्यातल्या वीटभट्ट्या डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाहीत. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भट्टीवर येतात, पावसाळा तोंडावर येईपर्यंत राहतात. पावसाळ्यात अडीअडचणीला घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको पहाटेच्या काळोखात चिखल कालवायला उठतात, लहान पोरे सुकलेल्या विटा उलटवतात. आठवड्याला हातात पडते ती फक्त खर्ची, म्हणजे तांदूळ, मिरची, तेलापुरते पैसे, आणि खरा हिशेब हंगाम संपल्यावर मालकाच्या वहीत. बाजाराच्या दिवशी खर्ची मिळते आणि गावठीचा फुगाही त्याच वाटेवर मिळतो. उतरंडीच्या इतक्या तळाशी, उद्यावर कसलाच ताबा नसलेल्या मेंदूत डोपामाइनची व्यवस्था कशी राहत असेल?

इंग्रजी अमदानीतल्या नोंदींनी कातकऱ्यांवर दारुडी जमात असा शिक्का मारला, आणि तो आजही गावातल्या बोलण्यात ऐकू येतो. जमातीच्या रक्तातच आहे असे मानायला काहीही शास्त्रीय आधार नाही. इतिहासात मात्र कारणे उघड दिसतात. खैराचा कात काढणे हा त्यांचा व्यवसाय. जंगल सरकारजमा झाल्यावर तो आटला. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची दारू गाळणे गुन्हा ठरवले आणि १८९२ च्या मोहा कायद्याने मोहाची फुले जमवण्यावरही बंधने आली. सणाला, देवाला, मयताला गाळायची हंगामी दारू गेली आणि तिच्या जागी वर्षभर उधारीवर मिळणारी गुत्त्याची दारू आली. उधारीतून वेठ आली. जी माणसे हे सोसून आज संघटित होऊन जमिनीचे दावे लढवत आहेत, त्यांच्या रक्ताला दोष देणे अन्यायाचे आहे.

रक्ताचा वाटा नाही असे मात्र नाही. डेन्मार्कमध्ये डोनाल्ड गुडविन यांनी १९७३ साली लहानपणीच दत्तक गेलेली मुले शोधून काढली. जन्मदाता बाप दारुडा होता अशांपैकी १८ टक्के स्वतः तसे झाले. तसा बाप नसलेल्यांपैकी ५ टक्के. बापाचा सहवास न लाभताही हा फरक पडला. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा निघतो. पण एखादा दारूचा जीन सापडेल ही आशा फोल ठरली. १९९० साली डी-२ च्या जीनचा एक प्रकार म्हणजेच व्यसनाचे मूळ अशी गाजावाजा करून बातमी आली होती, पुढच्या तपासण्यांत ती टिकली नाही. वाटा शेकडो जीनांचा, प्रत्येकाचा चिमूटभर. ठळक अपवाद यकृतातल्या विकरांचा. चीन-जपानकडच्या अनेक लोकांत दारूचे विघटन अर्ध्यावर अडते, तोंड लाल होते, मळमळते, आणि ते आपोआप दूर राहतात. भारतीयांत हे संरक्षण विरळ आहे.

आपल्या देशात बंगळूरच्या निम्हान्समध्ये विवेक बेनेगल यांनी व्यसनी पुरुषांच्या जवळच्या पुरुष नातलगांच्या मेंदूचे विद्युत आलेख तपासले. अपेक्षित नसलेला आवाज ऐकल्यावर साधारण तीनशे मिलिसेकंदांनी मेंदूत एक लाट उठते. घराण्यात व्यसनाचा धोका जितका जास्त, तितकी ही लाट ठेंगणी, असे त्यांना १९९५ साली आढळले. न्यूयॉर्कमध्ये हेन्री बेगलाइटर यांनी त्याआधी दारूचा थेंबही न चाखलेल्या मुलांत हेच पाहिले होते. लाट ठेंगणी असणे म्हणजे, ढोबळमानाने सांगायचे तर, समोरच्या गोष्टीचे महत्त्व ओळखून स्वतःला आवरणारी यंत्रणा उशिरा पक्व होणे. अशी मुले चळवळी, धीर नसलेली, वर्गाबाहेर उभी केली जाणारी असतात. निम्हान्सने पुढे देशातल्या सात केंद्रांवर सहा ते तेवीस वर्षे वयाच्या हजारो मुलांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे, त्यात कुपोषणापासून घरातल्या मारहाणीपर्यंत सगळे मोजले जाते.

वयाचा मुद्दा इथेच येतो. स्वतःला आवरणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो, ओढ लावणारा भाग मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षीच जोमात असतो. अमेरिकेतल्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत चौदाव्या वर्षापर्यंत दारू सुरू केलेल्यांपैकी ४० टक्क्यांवर लोक पुढे कधी ना कधी अवलंबी झाले. विशीनंतर सुरू केलेल्यांपैकी सुमारे १० टक्के. शिमग्याला पोराला ‘चाखून बघ’ म्हणणाऱ्या काकामामांना हा आकडा ठाऊक नसतो.

एका व्यसनाला तर आपण व्यसनात धरतच नाही. कोकणातल्या कितीतरी घरांत सकाळी चूल पेटली की आधी तव्यावर तंबाखू भाजली जाते. काळीभोर होईपर्यंत परतायची, ठसका लागतो म्हणून तोंडाला पदर लावायचा, गार झाली की कुटून डबीत भरायची. ही मशेरी. दात घासायचे निमित्त, पण बोट हिरडीवर पाच मिनिटे, दहा मिनिटे फिरत राहते. ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चढतं, कामात लक्ष लागत नाही’ असे बाया सांगतात. जॉर्ज कूब आणि मिशेल ल मोआल यांचा सिद्धांत याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही. त्यांच्या मते रोजच्या नशेला तोंड देता देता मेंदू आपली समपातळीच खाली ओढून घेतो. ताण निर्माण करणारी रसायने वाढतात, सुखाची यंत्रणा थंडावते. मग नशा सुखासाठी उरत नाही, ती घेतल्यावर माणूस इतरांच्या साध्या पातळीवर येतो इतकेच. ज्याच्या आयुष्यात ताण आधीच फार, त्याची पातळी आधीच खाली, म्हणून तो लवकर अडकतो. मुंबईत प्रकाश गुप्ता यांनी केलेल्या अभ्यासात गरोदरपणी धूरविरहित तंबाखू, मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या बायांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. सासूने सुनेला दिलेली डबी अशी नातवापर्यंत पोहोचते.

सुटका होते का? व्हिएतनाममधून १९७१ साली परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी माग काढला. तिथे असताना जवळजवळ २० टक्के अफू-हेरॉइनच्या आहारी गेले होते. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले फक्त ५ टक्के पुन्हा अडकले, तीन वर्षांत १२ टक्के. भूमी बदलली, दिवे बदलले, भय सरले, घर मिळाले. आणि २०१८ साली बाल्टिमोरमध्ये मार्को व्हेनिरो आणि याविन शहाम यांनी व्यसनी उंदरांपुढे दोन कळा ठेवल्या: एक दाबली तर नशा, दुसरी दाबली तर सोबतीच्या उंदराच्या खोलीचे दार उघडे. उंदरांनी जवळजवळ प्रत्येक वेळी सोबत निवडली. सोबत मिळायला उशीर लावला, किंवा तिच्यासाठी झटका सोसायला लावला, तेव्हा मात्र ते नशेकडे वळले.

रायगडकरांना हे नवे वाटू नये. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी सुरू केलेल्या दासबोधाच्या बैठकांना दर आठवड्याला जाऊन दारू सोडलेली माणसे पेण-रोह्याच्या गावागावांत आहेत. रोह्यात १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या स्वाध्यायानेही किनाऱ्यावरच्या वस्त्यांत हेच घडवले. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने मुक्तांगण उभे केले, तिथेही औषधांइतकाच भर एकत्र बसून बोलण्यावर राहिला. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. मेंदूच्या बाजूने पाहिले तर ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी कोणीतरी वाट पाहते, नावाने हाक मारते, पुढे बसवते, आणि बाजाराची संध्याकाळ दुसऱ्याच गोष्टीने भरून जाते.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एका रात्रीत सोडली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला फिट येऊ शकते, भास होतात, अंगावर किडे चढल्यासारखे वाटते, आणि जीवही जाऊ शकतो. दारूने दाबून ठेवलेला मेंदू दाब निघताच भडकतो. घरचे म्हणतात, बाहेरचे लागले. अशा माणसाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, तिथे शामक औषधे आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने मिळतात. सोडायची तारीख ठरवण्याआधीच डॉक्टरांना गाठले तर अधिक बरे.

जे अजून त्या टोकाला गेलेले नाहीत त्यांच्यासाठी गोव्याकडे पाहावे. तिथे ‘संगात’ संस्थेचे अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणारे ३७७ पुरुष निवडले. निम्म्यांना नेहमीचा उपचार, निम्म्यांना त्याबरोबर समुपदेशन. समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक होते. काही थोड्या बैठकांत ते विचारत: कधी पिता, कोणाबरोबर, कशानंतर, त्या वेळी दुसरे काय करता येईल, घरातले कोण सोबत बसेल. तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेले ३६ टक्के, दुसऱ्या गटात २६. वर्षानंतर ही तफावत आणखी रुंदावली होती, ५४ टक्के आणि ३२ टक्के. बोलणारी माणसे त्याच गावची होती आणि आरोग्य केंद्र रोजच्या वाटेवरचे होते.